न दाबलेलं बटण

१२ जानेवारी, रविवार

विश्रामकाकांनी दार पूर्ण उघडायच्या आतच विचारलं, "किती झाले रे गुरू?"

"शंभराच्या वर गेले, काका."

"शंभर!" ते आत वळून ओरडले. "शिवानी, ऐकलंस का? शंभर माणसं. आमच्या खात्यात एका पाळीला एवढी नसायची."

त्यांची सून शिवानीवहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मग त्या शंभरांना हेपण सांगा, की हा माणूस गोळ्या वेळेवर घेत नाही."

आज ते नदीकाठच्या क्वार्टरांबद्दल बोलले. चाळीसेक मिनिटं, एका दमात. मी स्टुलावर फोन ठेवला आणि मध्ये मध्ये विचारत राहिलो. निघताना फोन उचलायचा मला अगदी शेवटी आठवतं, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या टोकाला माझं बूट घालणं आणि दारातली बडबड असते. ती काढायला हवी. राहून जातं.

हे सगळं कसं सुरू झालं ते लिहून ठेवतो. मोहने गावातल्या कंपनीच्या कॉलनीत वाढलेल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दिवाळीत तिथे वाद झाला, की कंपनीचा सकाळचा भोंगा नेमका कधी वाजायचा. कुणाही दोघांची उत्तरं जुळेनात. बाबा असते तर सांगितलं असतं. म्हणून मी शहाडला विश्रामकाकांकडे गेलो. ते आणि बाबा एकाच खात्यात होते. भोंग्याचं उत्तर दोन मिनिटांत मिळालं आणि काका पुढे दोन तास बोलत राहिले. तेव्हापासून दर रविवारी जातो, आणि सोमवारी रेकॉर्डिंग एका साध्या वेबपानावर टाकतो. ते पान मीच बनवलं. पोटापाण्यासाठी तेच करतो, दुसऱ्यांची पानं.

आता रविवार येतो तेव्हा कुठे जायचं हे मला माहीत असतं. हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय. काकांच्या आठवणी जपायच्या म्हणून जातो, की मला जायला कुठेतरी हवं म्हणून?

१८ जानेवारी, शनिवार

क्षिप्राला, माझ्या मुलीला, फोन केला. दर शनिवारी संध्याकाळी करतो, तसं तिच्या आईशी, उत्तराशी, ठरलेलं आहे. दोघी ठाण्याला राहायला गेल्याला आता दोन वर्षं होतील.

फोनच्या आधी मी चार-पाच विषय ठरवून ठेवतो, म्हणजे शांतता पडत नाही. परीक्षा, कँटीनचं जेवण बंद केलंस का, चष्म्याचा नंबर, आईची पाठ. सगळे विषय झाले. ती "हो", "ठीक", "बघू" म्हणाली. तिला रेकॉर्डिंगची लिंक पाठवली होती त्याचं काय झालं, असं विचारलं.

"ऐकते रे बाबा नंतर."

बरोबर आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीने शहाडच्या एका म्हाताऱ्याच्या क्वार्टरांच्या गोष्टी कशाला ऐकायच्या? मी विचारायलाच नको होतं. त्याने तिच्यावर दडपण येतं.

२१ जानेवारी, मंगळवार

पोळीभाजी केंद्रावर पोपटराव भेटले. कॉलनीत आमच्या समोरच्या ओळीत राहायचे, आता इथेच डोंबिवलीत मानपाडा रोडला मुलाकडे असतात.

"काय रे, माझ्या घरात भांडणं लावतोस?"

मला काही कळेना.

"तुझं ते पान मी लॅपटॉपवर उघडतो. लॅपटॉपला नेट सुनेच्या फोनचं. ते हॉटस्पॉट का काय. तुझं पान उघडलं की तिचा दिवसभराचा डेटा खल्लास. काल संध्याकाळी तिची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली. आज माझ्या ताटात दोनच पोळ्या. म्हणून इथे उभा आहे."

"पण तुम्ही एक रेकॉर्डिंग ऐकलंत तर एवढा डेटा जात नाही."

"ऐकलं कुठे? पान उघडून ठेवलं होतं नुसतं. विश्रामचं ऐकणार होतो सावकाश. आयुष्यभर ऐकलाय त्याला, घाई काय आहे?"

मी भाजी न घेताच घरी आलो. मग परत गेलो, तोवर केंद्र बंद झालं होतं.

२२ जानेवारी, बुधवार

चूक माझी आहे आणि ती अशी.

वेबपानावर आवाज बसवताना ब्राउझरला सूचना देता येते, की माणसाने बटण दाबण्याआधी तू काय करायचं. एक तर काहीच करू नकोस. किंवा नुसती लांबी वगैरे बघून ठेव. किंवा हवं तर सगळंच आणून ठेव. मी तिसरी सूचना दिली होती. हेतू चांगला होता. आमच्या ग्रुपवरची माणसं सत्तरीची. बटण दाबल्यावर आवाज लगेच आला नाही तर ती पुन्हा दाबतात, मग ते थांबतं, आणि "बंद आहे वाटतं" असा निरोप येतो. दाबल्या दाबल्या काकांचा आवाज यावा, एवढंच मला हवं होतं. मोबाइल डेटावर ब्राउझर बरेचदा स्वतःहूनच हात आखडता घेतो. पण पोपटरावांच्या लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे घरचं वायफायच वाटतं. पानावर सगळी रेकॉर्डिंगं एकाखाली एक आहेत. त्याने एकेक करून सगळी ओढून आणायला घेतली.

इथवर नुसता निष्काळजीपणा झाला. पुढचं लिहायला जड जातंय.

मी काकांना जो आकडा सांगत होतो तो ऐकणाऱ्यांचा नव्हता. सर्व्हरकडे फाइलची मागणी किती वेळा आली, ते मी मोजत होतो. पान उघडलं की ब्राउझर स्वतःच मागणी करतो. फोनवरसुद्धा तो सुरुवातीचा घास चाखून बघतो, तीही मागणी. बटण कुणी दाबलं का, याचा त्या आकड्यात कुठे पत्ताच नाही.

मला हे माहीत नव्हतं का? वीस वर्षं हेच काम करतो. ऑफिसात दुसऱ्या कुणी असा आकडा दाखवला असता तर मी भर मीटिंगमध्ये त्याला थांबवलं असतं. इथे मी आकडा बघितला आणि खूश झालो.

२४ जानेवारी, शुक्रवार

सूचना बदलली. आता बटण दाबेपर्यंत ब्राउझर काहीही आणत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगची लांबीही आपोआप दिसेनाशी झाली, म्हणून प्रत्येकाखाली मिनिटं हाताने लिहिली. मग ग्रुपवर "पान आता हलकं केलं आहे" म्हणून लिंक पुन्हा टाकली.

दिवसभर अंगठे आणि जोडलेले हात येत होते. "अप्रतिम." "जुने दिवस आठवले." एकाने लिहिलं, "विश्रामचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं."

संध्याकाळी सर्व्हरवर बटण दाबल्याच्या नोंदी बघितल्या. एक मी, तपासताना. एक पोपटराव असावेत. त्यांनीच लिहिलंय, "लागला बाबा, लागला. बंद केला." आणि आणखी एकजण. बस.

मला कुणाचा राग आला नाही. मीसुद्धा लोकांच्या लग्नाचे फोटो न उघडता अंगठा देतो.

तो आणखी एकजण कोण ते माहीत नाही. कोण काय ऐकतं यात आपण डोकावू नये म्हणून सुरुवातीलाच मी नोंदींतून पत्ते पुसायची सोय केली होती. दिसतं ते एवढंच, की कुठलातरी फोन आहे आणि त्याने रेकॉर्डिंगचा अगदी शेवटचा तुकडा मागितला. हे तांत्रिक असावं. फोनवर केलेल्या रेकॉर्डिंगची माहिती कधी कधी फाइलच्या टोकाला असते आणि ब्राउझर आधी टोक वाचतो. म्हणजे कदाचित तोही माणूस नाही.

२५ जानेवारी, शनिवार

क्षिप्राशी बोललो. आज विषय कमी पडले म्हणून पान हलकं केल्याचं सांगितलं.

"हो, आता बटण दाबल्यावर जरा थांबावं लागतं," ती म्हणाली.

मग मी तिला तिन्ही सूचना, त्यांचे फायदे-तोटे, ब्राउझर त्या कधी धुडकावतो, सगळं नीट समजावलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. आजचा फोन नेहमीपेक्षा बराच लांबला. थांबावं लागतं हे तिला कसं कळलं ते विचारायचं राहिलं. आयटीला आहे, शिकवत असतील.

२ फेब्रुवारी, रविवार

गेल्या रविवारी धीर झाला नव्हता. काकांनी "किती?" विचारलं तेव्हा "बघितलं नाही" म्हणून वेळ मारून नेली आणि आठवडाभर ते डाचत राहिलं. आज सांगितलं.

"काका, ते आकडे चुकले होते."

"कमी सांगितलेस?"

"जास्त."

"किती जास्त?"

"जवळजवळ सगळेच."

काकांनी स्टुलावरच्या फोनकडे बघितलं. "हे चालू आहे?"

"हो."

"बंद कर."

मी बंद केला. त्यांनी विचारलं, की मग सगळे छान छान लिहितात ते काय? मी सांगितलं, पान उघडतात, बटण दाबत नाहीत. आणि पान उघडलं की ब्राउझर आवाज आधीच आणून ठेवत होता, कुणी ऐको न ऐको.

काका मग म्हणाले, "म्हणजे पंगत मांडली, पानं वाढली. जेवायला कोण आलं नाही. आणि तू वाढलेली पानं मोजून मला सांगत होतास, की एवढी माणसं जेवली."

"हो."

"चहा घेऊन जा," असं म्हणून ते आत जाऊन पडले.

शिवानीवहिनी जिन्यापर्यंत आल्या. "नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं, भावोजी? सोमवारपासून शनिवारपर्यंत ते रविवारी काय बोलायचं ते घोकत बसतात. मला ऐकवून बघतात. आता काय करतील?"

खरं तेच सांगायला हवं होतं, असं येताना स्वतःला बजावत होतो. पण खरं सांगण्याची गरज त्यांना होती, की मला? खोटा आकडा माझ्या मनावर होता. तो मी उचलून त्यांच्या छातीवर ठेवून आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

तरीही गेलो. काकांचा मुलगा महेंद्र दारात आला. "बाबा झोपलेत रे. सर्दी झालीय." आतून टीव्हीचा आवाज येत होता आणि काका कुणालातरी "आवाज वाढव" म्हणत होते. महेंद्रने माझ्याकडे बघितलं, मी महेंद्रकडे बघितलं. "झोपू दे," मी म्हणालो.

डोंबिवलीला परत आलो तेव्हा दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते. घरी बसून एक काम उरकलं, ते सोमवारीही चाललं असतं. कुकरला वरणभात लावला. शिट्ट्या मोजताना लक्षात आलं, की सकाळी महेंद्रला म्हटलेले दोन शब्द सोडले तर आज मी कुणाशी बोललेलो नाही. गॅस बंद केला आणि "झालं" असं मोठ्याने म्हणालो. ते विचित्र वाटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तो एकजण अजून येतो. नवीन रेकॉर्डिंग नाही, तरी जुनी उघडतो आणि प्रत्येकाचा शेवटचाच तुकडा. मला वाटलं माझ्या फाइलींमध्येच खोट आहे. सगळ्या नव्याने बांधल्या आणि ती माहिती टोकाकडून सुरुवातीला आणली. आता ब्राउझरला शेवटाकडे जायचं काही कारण उरलं नाही.

आज पुन्हा नोंद. पुन्हा शेवटच.

म्हणजे माणूस आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी काकांचाच फोन. "येतोयस का?"

"सर्दी कशी आहे?"

"कसली सर्दी? ये. मला एक विचारायचंय."

गेलो तर ते खुर्चीत तयार होऊन बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. स्टूल मधोमध.

"तू म्हणालास, जवळजवळ सगळे. सगळे नाही म्हणालास. मग उरला तो कोण?"

"ते मलाही माहीत नाही, काका. एकजण आहे."

"बाई की बुवा?"

"कळत नाही."

"एकजण ऐकतो ना पण? मग झालं तर. साहेबासमोर एकट्याने बोलायची सवय आहे मला. युनियनचे बाकीचे बाहेर बिडी ओढत बसायचे." मग पुढे वाकून म्हणाले, "त्याला काय आवडतं? सणवारांचं सांगू, की संपाचं?"

मी अडखळलो. पण एकदा खोटं सांगून झालं होतं. "तो फक्त शेवट ऐकतो. शेवटचं मिनिटभर."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शेवटी मी कुठे असतो रे? शेवटी तूच असतोस. बूट घालत बडबडतोस." आणि एकदम हसत सुटले. "शिवानी! अगं, एकच माणूस ऐकतो आणि तोसुद्धा मला सोडून ह्याला! वेडाच आहे कोणीतरी."

वहिनीही हसल्या. मीही हसलो, पण कान तापले होते. निघताना फोन आठवणीने आधी बंद केला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी बसून सगळ्या रेकॉर्डिंगांचे शेवट ऐकले. स्वतःचा आवाज इतका सलग मी कधी ऐकलेला नाही.

"चला काका, निघतो. वहिनी, त्यांनी गोळी घेतली, मी साक्षीदार आहे, कोर्टात सांगेन." "हा बूट कुणाचा? माझाच. मग दुसरा कुणाचा? तोही माझाच. पटतील दोघं." एका ठिकाणी जिना उतरायच्या आधी काहीतरी गुणगुणतोय. सूर धरलेला नाही. एका ठिकाणी शेजारच्या मांजराशी बोलतोय, मांजर उत्तर देत नाही म्हणून त्याच्या वतीनेही मीच बोलतोय.

फार लाज वाटली. हा माणूस उगाच हसतो. काकांच्या आठवणींचं पान आहे, त्यात माझं काय काम? कुणी ते पुन्हा पुन्हा ऐकत असेल तर चेष्टेने ऐकत असेल. कॉलनीतलाच कुणीतरी, बायकोला ऐकवत असेल, बघ, देसायांचा गुरुदत्त एकटा पडल्यापासून मांजराशी बोलतो.

सगळ्यांचे शेवट कापले आणि नव्या फाइली चढवल्या. फोनमध्ये जागा नसते म्हणून मूळ रेकॉर्डिंगं मी केव्हाच काढून टाकलेली आहेत. जुन्या फाइलींवरच नव्या बसल्या. वाईट वाटलं नाही. स्वच्छ वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काल दुपारी तो आला होता. रविवारचं रेकॉर्डिंग उघडलं, शेवटी गेला. त्याच्या आधीचं, शेवटी गेला. असं करत पार पहिल्यापर्यंत. मग पान पुन्हा उघडलं आणि सगळं पहिल्यापासून तसंच. मग पुन्हा एकदा.

फाइली बिघडल्या की काय म्हणून मी तपासल्या. सगळ्या ठीक वाजतात. काकांचं शेवटचं वाक्य, आणि संपतं. जसं असायला हवं तसं.

आज नोंद नाही. चेष्टेचं साहित्य संपलं असेल. बरंच झालं, असं लिहायला हरकत नाही. पण मग त्या रिकाम्या नोंदीकडे मी संध्याकाळपासून इतक्यांदा का बघतोय?

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी क्षिप्राचा फोन आला. आज शनिवार नाही. मला आधी वाटलं उत्तराला काही झालं.

"बाबा, तू बरा आहेस ना?"

"हो. का गं?"

"असंच."

माझ्याकडे एकही विषय तयार नव्हता. शांतता पडली. तिनेच ती मोडली.

"शेवट का कापलास?"

"कशाचा?"

"सगळ्यांचे कापलेस. मला वाटलं आधी माझ्याच फोनला काहीतरी झालंय."

"अगं, तो भाग कामाचा नव्हता. काका बोलतच नाहीत त्यात. नुसता मीच तर..."

मी तिथेच थांबलो.

"हो," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो. मग म्हणालो, की तुला माझ्याशी बोलायचं होतं तर आपण फोनवर बोलतोच की.

"फोनवर तू तसा नसतोस. फोनवर तू मुलाखत घेतोस, बाबा. मला पुढचा प्रश्नसुद्धा माहीत असतो." तिच्या मागे मुलींचा गलका होता, ती बाजूला कुठेतरी चालत गेली असावी. "तू घरातून निघताना तसा बोलायचास. रोज. चप्पल शोधत, किल्लीला शिव्या देत. मी आत झोपायचे तेव्हा. झोपलेली नसायचे पण."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर तू बोलला असतास का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणालो, "नाही."

"परत लाव ना ते. मांजराचं तरी."

"नाहीये गं. मूळ ठेवलेलं नाही मी."

रडत होती असं मी म्हणणार नाही, मला तसं ऐकू आलं नाही. मग "ओके" म्हणाली. "लेक्चर आहे. ठेवते."

वीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाच्या प्रती ठेवल्या. प्रत्येक फाइलच्या तीन तीन.

२३ फेब्रुवारी, रविवार

शहाडला जाताना ठरवलं होतं, की आज शेवटी नेहमीसारखं बोलायचं. तिच्यासाठी.

काका कॉलनीतल्या गणपतीच्या नाटकांबद्दल बोलले. रंगात आले होते. मी चांगला ऐकत होतो, निदान मला तसं वाटलं. मग निघायची वेळ झाली. बूट घ्यायला वाकलो आणि स्टुलावरचा फोन दिसला.

"वहिनी, काकांनी गोळी घेतली," मी म्हणालो. आकाशवाणीवर बातमी वाचावी तसं.

वहिनींनी वळून बघितलं. "भावोजी, बरं नाही का?"

"मुका झाला आज," काका म्हणाले. "एवढा एक श्रोता, त्यालाही उपाशी ठेवणार."

बुटाबद्दल काहीतरी गंमत करायचा प्रयत्न केला. ती मला स्वतःलाच कळली नाही. मांजर होतं जिन्यात. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मग फोन उचलून बंद केला.

ती ऐकते हे कळेपर्यंत मला तिच्यासाठी बोलता येत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कालचं रेकॉर्डिंग न कापता चढवलं. ऐकून बघितलं नाही. शेवटी बुटांचा आवाज असेल, माझी ती बातमी असेल, आणि काकांचं "सावकाश जा".

ग्रुपवर अंगठे आले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नोंदी बघू नयेत असं सकाळीच ठरवलं होतं. इतके दिवस तो 'एकजण' होता, तेव्हा ठीक होतं. आता माझी मुलगी कधी, काय, किती ऐकते हे मी बघणं म्हणजे तिच्या खोलीच्या दाराला कान लावणं. संध्याकाळी नोंद ठेवणंच बंद केलं. पण बंद करायच्या आधी एकदा बघितलं. बघितलं ते लिहून ठेवतो, लपवत नाही.

काल दुपारी तिने बटण दाबलं आणि थेट शेवटी गेली. शेवटी काय होतं ते मला माहीत आहे. नंतर बराच वेळ काही नाही. मग रात्री पुन्हा पान उघडलं आणि या वेळी पहिल्यापासून. कुठेही उडी नाही, चाळीस मिनिटं सलग. आणि आज सकाळी पुन्हा उघडून, सुरुवात नाही, शेवट नाही, मधलीच एक जागा. दुपारी परत तीच.

ती जागा कोणती ते बघण्यासाठी मला ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा लावावं लागलं. बटण दाबलं. जरा थांबावं लागलं.

काका सांगतायत, की त्या वर्षी नाटकात पडदा वर जायच्या वेळेला तुझा बाप प्रॉम्प्टिंग करता करता विंगेतून थेट रंगमंचावर कोसळला. आणि मध्येच एक माणूस त्यांना तोडतो, "नाही नाही, थांबा काका! बाबा नव्हते पडले. झाड पडलं होतं!"

"झाड कसं पडेल? ते पुठ्ठ्याचं, खिळे मारलेलं."

"पुठ्ठ्याचं डावीकडचं. उजवीकडचं झाड मी होतो!"

"तू?"

"मी! पहिलीत होतो. दोन फांद्या वर धरून उभा केला होता मला. झोप लागली हो!"

मग दोघंही हसतायत. माणसाला बोलता येत नाही इतका तो हसतोय, मध्येच "फांद्यांसकट" एवढंच म्हणतो आणि पुन्हा सुरू होतो. आतून शिवानीवहिनी विचारतायत, काय झालं, अहो काय झालं, आणि दोघांतलं कुणीच त्यांना सांगत नाही.